दोन रकान्यांची वही

"आरोप क्रमांक एक," असे म्हणून चौकशी अधिकारी केळुसकर यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि वाचायला सुरुवात केली. "महाविद्यालयाच्या तळ्याकाठच्या अकरा टॅक्सोडियम वृक्षांच्या मासिक नोंदी ठेवण्याची जबाबदारी असलेले माळी श्री. गेणू सिदू शिरतोडे यांनी सन १९६२ ते १९८३ या काळात प्रत्येक जानेवारीत, वृक्षांवर एकही पान नसताना, नोंदवहीत 'हिरवे' अशी हेतुपुरस्सर खोटी नोंद केली. या खोट्या नोंदींमुळे सदर वृक्ष दर हिवाळ्यात पाने गाळतात ही बाब वृक्ष तपासणी समितीच्या नजरेस येऊ शकली नाही. परिणामी, यंदाच्या जानेवारीत निष्पर्ण वृक्ष पाहून ते मृत असल्याचा समितीचा प्रामाणिक समज झाला व ते तोडण्यात आले. सबब या वृक्षहानीस श्री. शिरतोडे जबाबदार आहेत."

या परिच्छेदाबद्दल मला तेव्हाही आदर वाटला होता आणि आज, एकोणचाळीस वर्षांनंतर, तो वाढलाच आहे. न्यायशास्त्रावरची पुष्कळ जाडजूड पुस्तके मी वाचली आहेत. पण सगळी विधाने खरी वापरून इतका निखळ खोटा निष्कर्ष काढलेला मला दुसरीकडे आढळला नाही. गेणूने बावीस जानेवाऱ्या 'हिरवे' लिहिले, हे खरे. झाडांवर पान नव्हते, हेही खरे. समितीने झाडे पाहिली आणि फेब्रुवारीत ती आडवी झाली, हे तर साऱ्या गावाने पाहिले. या तीन खऱ्या गोष्टी एका दोरीत अशा ओवल्या होत्या की त्या दोरीचा फास नेमका एकाच मानेला बसावा. ती मान कार्यालयाला सोयीची होती. चौथी इयत्ता शिकलेली, चोवीस वर्षे नोकरी झालेली आणि चार महिन्यांनी निवृत्त होणारी.

बडतर्फी झाली असती तर निवृत्तिवेतन गेले असते. गेणूच्या घरात त्या निवृत्तिवेतनाखेरीज येणारे काही नव्हते.

मी वासंती पोतनीस, त्या कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची व्याख्याती. विभागीय चौकशीत वकील चालत नाही. आरोप असलेल्या माणसाला नोकरीतलाच एक सहायक घेता येतो. ते पत्र घेऊन गेणू माझ्याकडे आला होता.

"बाई, हितं लिवलंय की मला एक मानूस आनता येतंय."

"हो. पण कर्मचारी संघटनेचे लोक आहेत की. ते सराईत आहेत."

"ते भांडत्यात चांगलं. पर त्यास्नी झाड ठावं न्हाई."

"आणि मला आहे?"

"तुमी तळ्यावर येता. बाकीचं समदं मास्तर झाडं पाटीवर काढत्यात."

त्या झाडाला तो आणि त्याच्या आधीचे माळी 'बोडका' म्हणत. सायप्रसच्या जातकुळीतला, परदेशी दलदलीतला हा वृक्ष. सुया धारण करणाऱ्या आपल्या बहुतेक भाऊबंदांना न शोभेलसे वागणारा. नोव्हेंबरात त्याची पिसासारखी पाने विटकरी तांबडी होतात, डिसेंबर सरेपर्यंत झाड नखशिखांत उघडे पडते आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्यावर पोपटी धुके उतरते. पाण्याजवळ असला की त्याच्या मुळांतून गुडघ्यासारखे खुंट वर येतात. ते कशासाठी येतात, हे शास्त्राला अजून नीट सांगता आलेले नाही. गेणूला तेही सांगावेसे वाटत असे: "बसून बसून पाय आखडलं की आपून न्हाई का गुडघं वर घेत?" १९३६ साली महाविद्यालयाच्या पहिल्या उद्यान अधीक्षकाने बियांपासून रोपे करून ती तळ्याकाठी लावली होती. गवत कापायचे यंत्र गेणू त्या गुडघ्यांच्या आसपास फिरकू देत नसे. तिथले गवत तो विळ्याने, उकिडवे बसून कापी. गळलेली तांबडी पाने झाडून जाळण्याचा हुकूम होता. तो ती झाडायचा आणि त्याच झाडांच्या बुडाशी नेऊन पसरायचा. हुकुमाचा पहिला अर्धा भाग तो नेहमी चोख पाळत असे.

झाडे तोडली त्याचे कारण सुवर्णमहोत्सव. कायमचा उत्सवमंडप तळ्याकाठीच उभारायचा ठरले होते. आमच्या नियमावलीप्रमाणे जिवंत झाड तोडायचे तर महिनाभर जाहीर सूचना लावून हरकती ऐकाव्या लागत. मेलेल्या झाडाला तीन सदस्यांच्या समितीचा दाखला पुरे होई. समितीने दाखला दिला, कुऱ्हाडी आल्या, आणि प्रकरण तिथेच मिटले असते. पण मार्चअखेर त्या अकरा बुंध्यांनी एक अत्यंत बेशिस्त गोष्ट केली. त्यांना धुमारे फुटले. तालुक्याच्या साप्ताहिकाने छायाचित्र छापले आणि खाली लिहिले, 'कृषी महाविद्यालयातील मृत झाडांची प्रकृती उत्तम.' त्यानंतर कार्यालयाला दोषी माणसाची निकड भासू लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी मला डॉ. मोरेश्वर नातूंनी बोलावले. ते आमचे विभागप्रमुख, माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि त्या तीन सदस्यांतले एकमेव वनस्पतिशास्त्रज्ञ. मला झाड पाहायला त्यांनीच शिकवले होते. 'आधी सावली बघ, मग पान बघ, नाव सगळ्यांत शेवटी विचार,' हे त्यांचे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना माझे म्हणून सांगत असे.

"बस वासंती. चहा सांगितलाय. काय गं, तू म्हणे वकिली सुरू केलीस?"

"गेणूने विचारलं, सर."

"भला माणूस आहे. त्याला काय होणार आहे? फार तर ताकीद."

"नोटीस बडतर्फीची आहे."

"नोटिशीत सगळंच लिहितात. लग्नपत्रिकेत नाही का सगळ्यांनाच अगत्याने यायला सांगतात!" ते हसले. मग कपातल्या चहावरची साय त्यांनी चमच्याने बाजूला केली. "ऑक्टोबरात रीडरच्या जागेसाठी मुलाखती आहेत. तुझं नाव मीच सुचवलंय. निवड समितीवर प्राचार्य असतील. अशा वेळी माणसानं तळ्याकाठी फार फिरू नये, पाय घसरतो."

"सर, झाडं ओळखण्यात आपल्याकडून चूक झाली, एवढं तुम्ही उद्या म्हणालात तरी तो सुटेल."

"चूक वहीची झाली," ते म्हणाले. "मी वहीवर विश्वास ठेवला."

मला त्यांचा राग आला नाही, हे मला येथे नोंदवले पाहिजे. मला वाटले, विद्वान माणूस म्हातारा होतो आहे आणि एक ओशाळवाणी चूक झाकतो आहे. मला त्यांची कीव आली. आयुष्यात इतकी अस्थानी कीव मी पुन्हा कुणाची केली नाही.

चौकशी आमच्याच संग्रहालयात भरली, कारण कार्यालयात महोत्सवाची रंगरंगोटी चालू होती. काचेच्या बरण्यांतून फळे आणि कंद आमच्याकडे पाहत होते. केळुसकर हे निवृत्त उपजिल्हाधिकारी. माणूस कोरडा, पण कोरडेपणा सर्वांना सारखा वाटणारा. लेखनिक तीन प्रती निघतील असे कार्बन घालून बसला होता.

"शिरतोडे, खोटी नोंद केली हे मान्य आहे?"

"हिरवं लिवलं, ते मान्य हाय."

"झाडावर पान होतं?"

"जानेवारीत? न्हवतं."

"मग ते खोटं नाही?"

"साहेब, वही बघा की. रकानं किती हाईत?"

केळुसकरांनी वही ओढून घेतली. लांबट, कापडी पाठीची वही होती. झाडाचा क्रमांक, त्यापुढे दोन रकाने, 'हिरवे' आणि 'वाळलेले', आणि अगदी कडेला 'शेरा'.

"दोन."

"आता झाड झोपलंय. त्ये कुठं लिवू?"

"शेरा आहे ना. तिथे लिहायचं, पाने गळलेली आहेत म्हणून."

मी १९६४ सालचे परिपत्रक पुढे केले. 'शेऱ्याचा रकाना उद्यान अधीक्षकांसाठी राखीव असून अन्य कर्मचाऱ्यांनी त्यात मजकूर लिहिल्यास तो गैरवर्तन समजण्यात येईल.' गेणूने तिथे एकदा 'उंदीर लागला' असे लिहिले होते. त्यावरून ते निघाले होते. अधीक्षकांच्या त्या राखीव रकान्यात त्यानंतरच्या वीस वर्षांत एकही शब्द पडलेला नव्हता. मी ती सगळी पाने केळुसकरांना उलटायला लावली. त्यांनी खरोखरच उलटली. तो पांढरा पट्टा पानामागून पान, वर्षामागून वर्ष तसाच राहिलेला पाहणे हा एक विलक्षण अनुभव होता.

"ठीक," ते म्हणाले. "लिहिता येत नव्हतं. पण दोहोंपैकी खरं काय ते निवडायचं होतं. पान नाही म्हटल्यावर 'वाळलेले' जास्त खरं नाही का?"

गेणू माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, ह्ये तुमास्नीबी सांगितलं न्हाई. झाडं बारा व्हती."

"बारा?"

"मी लागलो त्याच्या म्होरल्या साली, एकसष्टच्या जानेवारीच्या अखेरीला, पयल्यांदा वही माझ्याकडं आली. मी फाटकाजवळच्या पयल्या झाडाम्होरं उभा ऱ्हायलो. वर बघितलं, पान न्हाई. इमानानं लिवलं, वाळलेलं. तवाचं अधीक्षक मागंच उभं व्हतं. त्येंनी वही घेतली, सही केली, आन् तिसऱ्या दिशी कुऱ्हाड आली. म्हणलं, बाकीची फुडच्या हप्त्यात बघू. झाड पडलं तवा बुंधा बघितला मी. वला, साहेब. पानी गळत व्हतं त्यातनं. मी त्या रातीला जेवलो न्हाई." त्याने तळहात मांडीवर घासला. "फुडच्या हप्त्यात अकरा झाडांम्होरं हिरवं लिवलं. तवापासनं लिवतोय. मला कुनी इचारलं असतं तर सांगितलं असतं. इचारलं न्हाई कुनी."

लेखनिकाचे टंकयंत्र थांबले होते. केळुसकरांनी त्याला खूण केली. "लिहा. सगळं लिहा. जसं बोलले तसं."

मग डॉ. नातू साक्षीला आले. पांढरा स्वच्छ शर्ट, खिशात दोन पेने. खुर्चीवर बसण्यापूर्वी त्यांनी बरणीतला एक देवदाराचा शंकू सरळ केला. संग्रहालय त्यांनीच लावलेले होते.

"सर, समितीत वनस्पतिशास्त्राचे जाणकार कोण होते?"

"मीच. बाकीचे दोघे अभियंते."

"टॅक्सोडियम हिवाळ्यात पाने गाळतो, हे आपल्याला माळ्याच्या वहीतून कळायचे होते?"

"तू चांगलं विचारतेस," ते केळुसकरांकडे वळून म्हणाले, "विद्यार्थिनी आहे माझी." मग मला: "थंड देशात गाळतो, हे पुस्तकात आहे. पण परका वृक्ष उबदार हवेत आला की त्याच्या सवयी बदलतात, हेही पुस्तकात आहे. बावीस वर्षं वहीत 'हिरवे' दिसल्यावर मी असं समजलो की आपल्याकडे ही झाडं बारमाही हिरवी राहत असावीत. मग या वर्षी ती उघडी दिसली, तर शास्त्रज्ञानं दुसरा कोणता निष्कर्ष काढायचा?"

उत्तर सुंदर होते. केळुसकरांची मान किंचित हलली. एका वाक्यात विद्वत्ता वाचली होती, समिती सुटली होती आणि गेणू पुन्हा फासात होता.

मी पिशवीतून एक कागद काढला. आदल्या नोव्हेंबरातली एम.एस्सी.ची प्रश्नपत्रिका होती ती. परीक्षक, डॉ. मो. वि. नातू. सोबत त्यांच्याच हातचा आदर्श उत्तरांचा तक्ता. तो तपासनीस म्हणून माझ्याकडे आला होता. "प्रश्न सातवा वाचता का, सर?"

त्यांनी कागद हातात घेतला नाही. मी वाचला: "आपल्या परिसरातील हवामानातही शिशिरात संपूर्ण पानगळ करणाऱ्या एका सूचिपर्णी वृक्षाचे नाव व ठिकाण लिहा. दोन गुण. आणि आदर्श उत्तर: टॅक्सोडियम, महाविद्यालयाचे तळे."

केळुसकरांनी कागद मागून घेतला, अक्षर पाहिले, समितीच्या दाखल्यावरची साक्षीदाराची सही पाहिली, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"नोव्हेंबरात आपल्याला ठाऊक होतं," मी म्हणाले. "जानेवारीत ठाऊक नव्हतं. मधल्या दोन महिन्यांत काय झालं, सर?"

नातूसरांचा चेहरा अगदी शांत होता. मला वाटले, आता ते वय, स्मरणशक्ती, कामाचा ताण असे काही म्हणतील. आणि मी ते मान्य करणार होते. चूक कबूल झाली की गेणू सुटणार होता, आणि मला त्याहून अधिक काही नको होते. माझे गुरू मला हवे होते.

तेवढ्यात मागून गेणू उठला.

"बाई, ऱ्हाऊ द्या."

"तुम्ही बसा, शिरतोडे," केळुसकर म्हणाले.

"न्हाई साहेब, एक बोलू द्या. नातूसायेब मुद्दाम करनारं मानूस न्हाई. त्या झाडाची जातच तसली हाय. जानेवारीत कुनालाबी फशिवतंय. शिकल्या-सवरल्यालाबी फशिवलं आसंल." तो साक्षीदाराच्या खुर्चीकडे वळला. "सायेब, तुमी जिवाला लावून घिऊ नगा. माझ्याहातनंबी एक गेलंच की. तुमच्याहातनं अकरा गेली. चुकीला चूकच म्हनायचं. माझं काय व्हईल ते व्हऊ द्या."

नातूसरांनी प्रथमच त्याच्याकडे पाहिले. मी त्यांना सतरा वर्षे ओळखत होते. प्राचार्यांच्या रागाने, सहकाऱ्यांच्या कुजबुजीने, माझ्या त्या कागदाने जे हलले नव्हते, ते त्या माळ्याच्या क्षमेने हलले. त्यांचा हात खिशातल्या पेनांकडे गेला आणि तिथेच राहिला.

मी घाईघाईने शेवटचा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला माहीत नव्हते. प्राचार्यांचे नाव येईल आणि सर त्यांच्या आडोशाला उभे राहू शकतील, एवढीच माझी बापुडी युक्ती होती. "समितीची तपासणी दर वर्षी सप्टेंबरात होते. या वर्षी ती जानेवारीत कुणाच्या सांगण्यावरून ठेवली?"

त्यांनी उत्तर दिले. लेखनिकाने ते टंकले. सरांनी तिन्ही प्रतींवर सही केली, पेन बंद केले, आणि जाताना गेणूच्या जवळून गेले. त्याने हात जोडले होते, यांनी मान वर केली नाही.

महिन्याने निकाल लागला. 'श्री. शिरतोडे यांच्यावरील आरोप पुराव्याअभावी सिद्ध होत नाहीत.' ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला तो निवृत्त झाला, निवृत्तिवेतन सुरू झाले, आणि नारळ-उपरणे देण्याच्या कार्यक्रमात त्याच्या हस्ते एक अशोकाचे रोप लावून घेण्यात आले. त्याने ते लावले आणि मला म्हणाला, "ह्यो बरा. बारमाही हिरवा. ह्येच्यासाठी खोटं बोलाय नगं." उत्सवमंडप झाला. डॉ. नातू पुढल्या वर्षी संचालक झाले. मी रीडर झाले नाही. ते दुःख मला फार झाले असे म्हणवत नाही.

महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात 'समितीचा प्रामाणिक समज' हे शब्द कायम आहेत आणि डॉ. नातूंच्या साक्षीचे शेवटचे पान नाही. पाने मोजणाराला ती सव्वीसनंतर एकदम अठ्ठावीस अशी आढळतील. तिसरी कार्बन प्रत नियमाप्रमाणे बचाव सहायकाला मिळते. ती माझ्यापाशी आहे, अक्षरे थोडी फिकट झाली आहेत, सही स्पष्ट आहे. पान सत्तावीस जसेच्या तसे असे:

"उत्तर: ती सूचना माझी होती. मंडपाला तळ्याची जागा हवी होती आणि हरकती ऐकण्यात महोत्सव निघून गेला असता. सप्टेंबरात अभियंत्यांनाही झाडे मृत वाटली नसती. जानेवारीत ती कशी दिसतात हे मला ठाऊक होते, म्हणून मी जानेवारी सांगितला. प्राचार्यांना याचे कारण ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले नाही. तपासणीच्या दिवशी एका अभियंत्याने म्हटले, सर, एकदा खात्री करून घ्या. मी चाकूने साल खरवडली. आत हिरवे होते. ते अभियंते जवळ येऊ लागले, तेव्हा मी त्या जागेवर अंगठा ठेवला."